आत्याला दिसलेली चित्रं

मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलीला दिसत नाही. तिच्यासाठी मी धडे फोनवर वाचून रेकॉर्ड करते. परीक्षा तोंडावर आली, तेव्हा धड्यांतल्या चित्रांचं वर्णन करायचं काम मी आमच्या आत्याला दिलं.

आत्या इतिहासापासून सुरू झाली. "राजा सिंहासनावर बसलाय, पण मन थाऱ्यावर नाही. राणीने तोंड फुगवलंय. प्रधान खाली मान घालून उभा आहे, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय." मग विज्ञानातला बेडूक. "पोट फाडलंय बिचाऱ्याचं, पण चेहऱ्यावर तक्रार म्हणून नाही."

मी कपाळाला हात लावला. "आत्या, दिसतं तेवढंच सांगायचं."

"मग मी काय पदरचं घालतेय? मला दिसतंय तेच सांगतेय."

पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, म्हणून तसंच पाठवून दिलं. त्या मुलीने ते वर्गातल्या सगळ्यांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग उघडी पुस्तकं घेऊन माझ्या टेबलापाशी उभा.



"बाई, आमची पुस्तकं बदलून द्या. तिच्या चित्रांत सगळं दिसतं, आमच्या चित्रांत काहीच दिसत नाही."