पाण्याची नळी

धाकट्या भावाच्या कफाचा नमुना तिनेच यंत्रात घातला. प्रयोगशाळेत तिची अठरा वर्षं गेली होती. शेजारी नेहमीसारखी साध्या पाण्याची सीलबंद नळी ठेवली. यंत्र खरं बोलतंय ना, हे पडताळायला. पाण्यात कधीच काही निघायचं नसतं.

तासाभरात निकाल आला. भावाचा कफ स्वच्छ. न्यूमोनियाचे जंतू निघाले ते पाण्यात.

तिने नवं पाणी घेतलं, नवी नळी घेतली. निकाल तोच, फक्त पाण्यातले जंतू दुप्पट.

वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला. "ताई, जंतू कळला का? कुठलंच औषध लागू पडत नाहीये."

"सर, त्याच्या कफात जंतूच नाही."

"मग त्याला खातंय तरी काय?"

तिचं लक्ष पाण्याच्या नळीकडे गेलं. काचेवर आतून वाफ धरली, विरली. थोड्या वेळाने पुन्हा धरली.

"सर, तो श्वास घेतोय ना?"

"तो कुठला घेतोय? सकाळपासून मशीनच घेतंय त्याच्यासाठी."

तिने फोन ठेवला आणि नळी ओंजळीत घेतली. ती अंगाएवढी गरम होती. वाफ दर खेपेला पुसट होत होती आणि मधला वेळ वाढत चालला होता. झाकण उघडावं तर उरलासुरला श्वास निसटून जाईल. न उघडावं तर तो आतच घुसमटेल.

"बाळा," ती काचेला ओठ लावून पुटपुटली, "घे रे अजून एक."

काच नितळ झाली, आणि बराच वेळ नितळच राहिली.