शेवटची ओळ, पहिली ओळ
टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसाठी बाबांची निवड झाली, तेव्हा मी त्यांना सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं आणून दिली. बाबा बुकबाइंडर, त्यांनी ती उसवून पुन्हा शिवली. “बाबा, वाचायला दिली होती!” “शिवण सैल होती गं.” मी कपाळाला हात लावला. आज प्रेक्षकांत बसून त्यांची चौदा बरोबर उत्तरं मोजली. “शिक्षण चौथी, मग हे कसं?” सूत्रसंचालकांनी विचारलं. “पुस्तक बांधताना पानांचा क्रम चुकू नये, म्हणून प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली वाचतो. चाळीस वर्षं झाली.” शेवटच्या प्रश्नाला बाबांनी डोळे मिटले. सुईने घट्टे पडलेला अंगठा हवेतच पानं उलटू लागला, मग थांबला. “हे पानाच्या मधोमध असणार. मधलं मी वाचलेलं नाही. खेळ सोडतो.” सूत्रसंचालक उभे राहिले. “आता पुढे?” “मधलं वाचीन.”