ऐसपैस

कवायतीच्या बाई दारात चपला काढत होत्या, तेवढ्यात दादांनी भिंतीवरचा आरसा शर्टाच्या बाहीने आणखी एकदा पुसला. आरसा चांगला माणसाच्या उंचीचा होता. त्याच्यामुळे खोली दुप्पट दिसते, असं दादांचं म्हणणं. धाकट्याचं म्हणणं, त्याच्यामुळे आपलं टक्कल दोनदा दिसतं.

धाकटा म्हणजे दादांचा भाऊ. घड्याळं दुरुस्त करता करता पन्नाशी ओलांडलेला. आज त्याची होणारी बायको घर बघायला आली होती. 'होणारी' हे तसं अजून नक्की नव्हतं. शाळेच्या मैदानावर मुलांना कवायत शिकवणाऱ्या बाईंनी खणखणीत आवाजात सांगून टाकलं होतं, "आधी घर दाखवा, मग बोलू."

"या, या," दादा म्हणाले. "तशी एकच खोली अन् स्वयंपाकघर. पण बघा तरी."

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खोलीत त्यांनी सगळी हौस फेडून घेतली होती. समोरची भिंत फिकट निळी, छत पांढरंशुभ्र, खिडकीचा जाडजूड पडदा जाऊन तिथे झिरझिरीत पांढरा. भिंतीला लागून नवाकोरा लाकडी पलंग. तोही दादांनीच आणलेला. बाकी खोलीत काडीसुद्धा नव्हती.

बाई पलंगापुढे उभ्या राहिल्या. दोन्ही हात ताठ पसरले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. हाताला कुठे काही लागलं नाही.

"अहो, ऐसपैस आहे की!"

दादांचा चेहरा फुलला. "पाणी आणतो," धाकटा म्हणाला.

"बसा हो, मी घेते," म्हणत बाई स्वयंपाकघराकडे निघाल्यासुद्धा.

"नको, नको, थांबा!" दोघे भाऊ एकदम ओरडले. पण बाईंना 'थांब' म्हणायची सवय होती, ऐकायची नव्हती.

त्यांनी दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि अडलं. बाईंनी फटीतून डोकं आत घातलं. कपाट, कपाटावर ट्रंका, ट्रंकांवर रंगाचे डबे, खुर्च्या एकीत एक घातलेल्या, त्यांवर घड्याळांची खोकी. ओट्यापर्यंत पोचायला मांजर व्हायला हवं होतं. आणि दाराला अगदी टेकून एक वळकटी, दोरीने घट्ट बांधलेली. तिच्यावर दाढीचं सामान.

"ही कोणाची?"

धाकट्याने दादांकडे पाहिलं.

"माझी," दादा म्हणाले. "मी माझ्या पाट्यांच्या दुकानातच राहीन म्हणतो. माळा आहे तिथे. हवा छान येते."

"हवा कसली! टर्पेंटाइनचा वास येतो नुसता," धाकटा पुटपुटला. "घसा कोरडा पडला माझा सांगून सांगून, ऐकतच नाही."

बाई वळल्या. "म्हणजे खोली मोठी नाही केलीत तुम्ही. माणूसच बाहेर काढलंत."

"नव्या संसारात तिसरं माणूस कशाला..." दादा खाली बघत म्हणाले.

"इतकी वर्षं मी एकटी जेवते. बोलायचं तर भिंतींशी. नुसती मोकळी खोलीच हवी असती, तर माझी काय वाईट होती?"

धाकट्याने कपाळाला हात लावला. झालं, आता या चपला घालणार.

बाईंनी पदर खोचला. "विटा आहेत का कुठे?"

जिन्याखाली कुणाच्या तरी बांधकामातून उरलेल्या विटा पडून होत्या. धाकटा त्या खेपा करून वर घेऊन आला. बाई आणि दादांनी पलंगाचा एकेक कोपरा धरायचा आणि धाकट्याने पायाखाली विटा सरकवायच्या, असं ठरलं.

"एक, दोन... उचल!" बाई गरजल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय पडलं का हो? "काही नाही, चढतंय!" दादा ओरडले, आणि हसू आल्याने त्यांच्या हातातला कोपरा सुटता सुटता राहिला.

पलंग चांगला कमरेएवढा झाला. मग ट्रंका त्याखाली गेल्या, डबे गेले, खुर्च्याही आडव्या होऊन गेल्या. खोक्यांना जागा मिळाली. कपाट तेवढं निळ्या भिंतीसमोर येऊन बसलं.

"अर्धा निळा गेला," दादा हळहळले.

"अर्धा आहे ना," बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघराचं दार आता भिंतीपर्यंत उघडत होतं. ओट्यासमोर फरशी मोकळी झाली होती. बाईंनी स्वतः वळकटीची दोरी सोडली आणि अंथरूण पसरलं. "पडून बघा बरं, भावजी. पाय मावतात का?"

दादा आडवे झाले. पाय लांब केले. मावले. मग ते घाईघाईने उठले आणि चहाचं आधण ठेवायला लागले. तोंड काही इकडे वळवेनात.

धाकटा मात्र 'भावजी'पाशीच अडकला होता. "म्हणजे... मी होकार समजू का?"

"हात सोलवटून घेतले मी," बाईंनी तळवे पुढे केले. "आता नाही म्हणून जाऊ होय?"

चहा झाला. बसायला खुर्ची उरली नव्हती. बाई एका उडीत पलंगावर बसल्या, दादा डब्यावर पाय देऊन चढले. धाकटा दोनदा घसरला. शेवटी दोघांनी दोन दंड धरून त्याला वर ओढलं. कप हातात घेऊन तिघं ओळीने बसले. खाली फरशीवर खिडकीतलं ऊन पसरलं होतं, आणि जमिनीला न टेकणारे सहा पाय त्या उन्हावर मजेत हलत होते.