खंडेनवमीचं कुंकू

फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या राजारामने लखनौतल्या चिमुकल्या कारखान्यात वर्षभर खपून कर्नलसाहेबांच्या जर्मन एअर रायफलीसारखी हुबेहूब दुसरी घडवली. दसरा झाल्यावर साहेबांची साहेबांना परत केली. आज साहेब रायफल घेऊन, नेमबाजीचं सुवर्णपदक मिरवत आले. “तुझी छानच यार, पण नक्कल ती नक्कलच! मेडल असलीच देते. हिच्या दस्त्यामागच्या पट्टीचा स्क्रू तेवढा बदल.” राजारामचं तोंड एवढंसं झालं. त्याने पट्टी काढली, तर आत कुंकवाचं बोट! खंडेनवमीच्या पूजेत त्याने आपल्या रायफलीला लावलेलं, मग वर पट्टी बसवलेली. म्हणजे परत देताना त्यानेच अदलाबदल केली होती! राजाराम खदखदून हसला. “साहेब, तुमची असली माझ्या घरी आहे. लेक रोज तिच्यावर सराव करते आणि कुरकुरते, ‘बाबा, इसमें साहबवाली जैसी बात नहीं!’”