मुद्दाम केलेल्या चुका

"ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," पेंटरआजोबा खुर्चीत सरसावून बसत म्हणाले, "पण शिंप्यानं कागदावर लिहून दिलं, 'येथे कपडे शिजवून मिळतील.' मी पाटी रंगवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराशी पातेली घेऊन ही रांग."

"तुम्ही त्याला चूक सांगितली नाहीत?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईकाचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षांत मी पदरचं टिंब घातलेलं नाही."

बाईंना हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. शेजारच्या खुर्चीत आजोबांची नात बसली होती. नऊ वर्षांची. घरात तिला ठिपकी म्हणत. डिस्लेक्सिया असल्याचा अहवाल बाईंच्या पुढ्यात होता. 'घर' लिहायला सांगितलं की ठिपकी 'धर' लिही आणि पेन्सिल खाली ठेवी. शाळेनं एकदा तिला त्याच वर्गात बसवलं होतं. यंदाही वाचन सुधारलं नाही तर पुन्हा बसवणार होते.

अशा मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईंच्या केंद्रात जागा एकच उरली होती. यादीत अकरा मुलं होती.

"नियम कडक आहे," बाई म्हणाल्या. "घरच्या मोठ्या माणसानं रोज अर्धा तास तिच्यासोबत वाचायचं. तीन महिन्यांनी मी तपासणार. वाचलेलं नसेल तर जागा पुढच्या मुलाला. तिची आई वाचेल?"

"तिच्या कामाच्या वेळांचा काही भरवसा नाही. मी आहे ना. जन्म अक्षरांत गेलाय, बाई. तुमच्या पाटीतलं शेवटचं अक्षर बघा, लंगडतंय बिचारं. जाता जाता सरळ करून देतो."

बाईंनी जागा दिली.

पहिला महिना ठिपकीनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या महिन्यात ती स्वतःहून पुस्तक मागू लागली. "आजोबा घरी चुकीचं वाचतात," ती म्हणाली, "मग मी पकडते."

एकदा तासाआधी दोघं बाहेरच्या बाकावर वाचत बसलेली बाईंना दिसली.

"मग कासव न्हाव्याकडे गेलं," आजोबा वाचत होते, "आणि म्हणालं, पाठीवरचे केस जरा बारीक करा."

ठिपकीनं ओळीवर बोट ठेवलं. "न्हावी कुठाय ह्यात? न-दी. नदीकडे गेलं. नीट बघा की."

"असं होय? मग केस कोण कापणार त्याचे?"

बाई दारातच थांबल्या. वीस वर्षांत त्यांनी नाना युक्त्या वापरल्या होत्या, पण आपली चूक पोराच्या तावडीत देणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

तपासणीच्या दिवशी ठिपकीनं अनोळखी पान वाचलं. हळू, दोनदा अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत.

"जागा राहिली का?" आजोबांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"राहिली. एवढा एक कागद भरते." बाईंनी पेन उघडलं. "पण मुद्दाम चुकायची ही युक्ती सुचली कशी तुम्हाला?"

आजोबा पुन्हा सरसावले. "ते शास्त्र आहे, बाई. ओळीला एक चूक, मोजूनमापून. जास्त झाल्या तर पोर ओळखते, कमी झाल्या तर पेंगते."

"मग शनिवारी सगळे पालक येतायत, त्यांना करून दाखवा. एक पान आधी बरोबर वाचायचं, मग चुकवून."

"दाखवू की," आजोबा म्हणाले. "त्यात काय एवढं." आणि रुमालानं मान पुसू लागले.

बाईंनी 'घरी वाचून घेणारी व्यक्ती' ह्यापुढे 'आजोबा' असं लिहिलं. ठिपकी टेबलावर ओणवी झाली, अक्षराअक्षरावर बोट फिरवत तिनं ते वाचलं.

"हे खोटं आहे, बाई," ती म्हणाली. "आजोबांना वाचता येत नाही, मी शिकवतेय त्यांना. आणि शनिवारपर्यंत काही जमायचं नाही, आमचं अजून काना-मात्रेवरच चाललंय."