सोमवारी गळणारं नाव

"ल्युबेन, मला परत गटाबाहेर काढलंय," झ्लाटका फोनवर म्हणाली. लागोपाठ सहावा सोमवार.

नकाशांच्या गटात नाव नसलं की पालिकेचे जुने नकाशे संगणकावर उघडत नसत, आणि नकाशे सांभाळणं हेच तर झ्लाटकाचं काम. पालिकेचे संगणक सांभाळणारा ल्युबेन तळघरातून तीन जिने चढून गेला. गुडघे कुरकुरले, पण त्याची तक्रार नव्हती. बायको वारल्यापासून त्याच्याशी धड बोलणारं माणूस हे एवढं एकच उरलं होतं.

टेबलावर कॉफी वाफाळत होती, शेजारी चीज घातलेली गरम बानित्सा. त्याने तिची नोंद उघडली, त्यात गट नव्हता. गटाची यादी उघडली, त्यात ती नव्हती. त्याने नाव घातलं, दोन्हीकडे दिसतंय ना ते पाहिलं, आणि संत पेत्काच्या तसबिरीमागे पासवर्डाची चिठ्ठी चिकटवल्याबद्दल नेहमीसारखा तिला रागावला.

"पेत्का सांभाळते सगळं," ती हसली. "तू खा गुमान."

या वेळी मात्र कचेरीचे प्रमुख पेन्चेव्ह साहेब वैतागले. त्यांनी सोफियाहून तज्ज्ञ बोलावला. त्याने तासाभरात जुन्या नोंदी काढून दाखवल्या. दर शुक्रवारी, कचेरी सुटता सुटता, नाव काढलं जात होतं, आणि काढणाऱ्याच्या जागी नाव खुद्द झ्लाटकाचंच होतं. गटप्रमुख म्हणून तिला तसा अधिकारही होता. बाईंचं डोकं आता चालत नाही, साहेब म्हणाले, त्यांच्या निवृत्तीचा कागद तयार करा.

ती जिन्यात ल्युबेनची वाट बघत उभी होती.

"मला काहीच आठवत नाही रे," ती हळूच म्हणाली. "आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी तिने मलासुद्धा ओळखलं नाही. खरं सांग, मीच काढत असेन का?"



"वय होतं, झ्लाटका," तो म्हणाला. "मी आहे ना. घरी येत जाईन, दर सोमवारी."

तिने डोळे पुसले आणि त्याचा हात धरला. किती वर्षांनी कुणीतरी त्याचा हात धरला होता. त्याला तो सोडवेना.

तळघरात परतल्यावर त्याने खिशातला कागद काढून बारीक फाडला. पेत्काच्या मागून उतरवून घेतलेला तो पासवर्ड आता शुक्रवारी लागणार नव्हता.