सत्तेचाळीस नंबरची वायर

“चिखलीची बस पुढच्या महिन्यापासून बंद करायची,” असं जनरल मॅनेजर अर्जुनराव बोलले आणि खाली कॅन्टीनमध्ये दीडशे घास हातातच राहिले.

बोलले ते वरच्या मजल्यावर, नव्या मीटिंग हॉलमध्ये, दार लावून. आवाज मात्र निघाला कॅन्टीनच्या स्पीकरमधून, एरवी ज्यावर जुनी गाणी लागायची. “बायकांना एवढ्यात कळू द्यायचं नाही. येतील रिक्षा करून.” हेही स्वच्छ ऐकू आलं. साउंड सिस्टिम चांगलीच बसली होती.

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात दोन महिने बसबद्दल नुसती कुजबुज होती. विचारलं की साहेब लोक हसून विषय बदलायचे. असेंब्लीवरच्या सरूबाईंनी त्या हसण्याचाच धसका घेतला होता. पहिल्या शिफ्टला सातला हजर व्हायचं तर चिखलीतून अंधारातच निघायचं. त्या वेळी रिक्षा मिळणार कुठून? बस गेली की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

सरूबाईंनी ताट बाजूला सारलं. “चला गं,” म्हणाल्या.

घोषणा नाही, आरडाओरडा नाही. साठ-सत्तर बायका उष्ट्या हातानं जिना चढल्या आणि हॉलच्या काचेच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. अर्जुनरावांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“बस... बस चालूच राहील,” ते म्हणाले. माइक अजून चालूच होता, त्यामुळे खाली उरलेल्यांनीही ते ऐकलं. आता शब्द फिरवायची सोय राहिली नाही.

दुपारी चिंचवडच्या ऑफिसात उद्धवरावांनी थैमान घातलं. हॉलच्या साउंडचं काम त्यांच्या फर्मचं. आधी त्यांनी वायरमन कोंडीरामला झाडलं. तो ढिम्म हलला नाही.

“ड्रॉइंगात हाय तशी टाकली, साहेब. सत्तेचाळीस नंबर. हॉलच्या मिक्सरपासून कॅन्टीनच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत. मी कशाला डोकं चालवू?”

म्हणजे चूक ड्रॉइंगची, आणि ड्रॉइंग काढणारी ऑफिसातली स्वरूपा. तिनं मुकाट्यानं कॉम्प्युटरवर फाइल उघडली. प्रत्येक प्लगला चिन्ह, प्रत्येक वायरला नंबर. त्या सगळ्या जंजाळात ती निळी रेघ, दोन्ही टोकांना कनेक्टर लावून, ऐटीत बसली होती.

“सॉरी सर,” स्वरूपा मान खाली घालून म्हणाली. “मंगल कार्यालयाची फाइल कॉपी केली होती. तिथं स्टेजचा माइक पंगतीच्या हॉलला जोडतात ना, जेवणाऱ्यांना मंगलाष्टकं ऐकू यावीत म्हणून? ती लाइन पुसायची राहिली.”

उद्धवरावांना हे लगेच पटलं. त्यांनी आयुष्यभर मंगल कार्यालयंच केली होती. “कॉपी-पेस्टनं वाट लावलीये तुम्हा पोरांची! आत्ताच्या आत्ता तुला...” आणि त्यांची नजर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या ‘तपासले’ या चौकटीवर गेली. तिथं त्यांची सही होती, तारखेसकट. ती ठोकताना ते फोनवर कुणाशी तरी गप्पा मारत होते, हे दोघांनाही आठवत होतं.

“बरं, पुढच्या वेळी जरा बघून,” उद्धवराव म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरूबाई घरी चुलीपाशी नव्हे, तर चक्क कॉटवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचं हसू थांबत नव्हतं.

“ती वायर तोडायला आलेला तुमचा वायरमन सांगत व्हता,” त्या लेकीला म्हणाल्या. “तुमच्या हापिसात कुणीतरी कार्यालयाचं चित्र हाय तसं उतरवलं म्हणं. कोण गं तो येडा? देव त्याचं भलं करो.”

स्वरूपा तव्यावरची पोळी उलटत होती.

“आई, त्या कार्यालयाच्या चित्रात पंगतीच्या हॉलकडं एकसुद्धा वायर नव्हती. ही मी आखली.”